गुडघ्याचं निमित्त

‘बघ, सांगत होते ना, या वयात पळायला जाऊ नकोस म्हणून!’ गुडघा जरा कुरकुरला, की हे वाक्य ऐकावंच लागतं. कधी सासूबाईंकडून, कधी नवऱ्याकडून, नाहीतर समोरच्या काकूंकडून. दूध आणि डब्यांच्या आधी कसाबसा काढलेला अर्धा तास मग पहिला जातो.

गंमत बघा. उकिडवं बसून घरभर फरशी पुसली, दोन जिने चढून पाणी भरलं, तर ‘गुडघ्याला जप गं’ असं कुणी म्हणत नाही. बाई स्वतःसाठी घराबाहेर पडली, की मात्र सगळ्यांना तिचा गुडघा आठवतो!

पळण्यानं गुडघे झिजतात, ही समजूत घरोघरी आहे. २०१७ साली ‘जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक अँड स्पोर्ट्स फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून मांडले गेले. हौसेखातर पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली. न पळणाऱ्या, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धांसाठी घाम गाळणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. पळणं हे औषध आहे, असं यावरून ठरत नाही. पण ‘पळालीस, म्हणून झिजला’ असंही कुणी छातीठोकपणे सांगू नये.

मग दुखत्या गुडघ्यानं पळायचं? सूज असेल, गुडघा अडकत असेल, चालताना दगा देत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर आधी डॉक्टर. शेजारणीचं तेल नंतर. पण वाटीच्या आसपास दुखतंय, जिना उतरताना जास्त जाणवतंय, एवढंच असेल तर बऱ्याचदा कारण साधं असतं. झेपण्याआधीच अंतर वाढवलेलं असतं आणि मांडीचे स्नायू कच्चे असतात. अशा वेळी अंतर कमी करायचं, पावलं लहान टाकायची, दोन मिनिटं पळून एक मिनिट चालायचं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा सावकाश उठायचं-बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसेल, तर तेवढं झेपलं असं समजायचं.

आणि घराजवळच पळायचं. गावाबाहेर तीन किलोमीटर गेल्यावर गुडघा धरला, तर लंगडत परत कोण येणार? दत्तमंदिर, पाण्याची टाकी, पुन्हा आपलं फाटक, असा छोटा फेरा असला की दुखायला लागताच पाच मिनिटांत घरात. एक दिवस उजवीकडून, एक दिवस डावीकडून फिरा. नाहीतर वळणाचा आणि रस्त्याच्या उताराचा भार रोज एकाच पायावर येतो. बूट घाला, चपलेवर नको.

खरी अडचण इथंच आहे. घराजवळ म्हणजे ओळखीच्या नजरांसमोर! पुण्या-मुंबईत कोण कुणाला ओळखतं? इथं ओट्या-ओट्यावरून विचारपूस होते, ‘काय वहिनी, कुठं निघालात पळत?’ म्हणून तर आपल्याकडच्या कितीतरी जणी उजाडायच्या आत हायवे गाठतात. ट्रकच्या दिव्यांपेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेची भीती जास्त, हे काही बरं नाही. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. शर्यत जिंकल्या, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. पण नवऱ्यासाठी पळणाऱ्या बाईचं जे कौतुक होतं, ते स्वतःसाठी पळणारीच्या वाट्याला येत नाही.

एकटीला संकोच वाटत असेल, तर चौघी मिळून निघा. आणि गल्लीतल्या शाळेचं मैदान पहाटे साडेपाच ते साडेसहा उघडं ठेवावं, असा अर्ज मुख्याध्यापकांकडे द्या. तिथं कुत्री नसतात, ट्रक नसतात, आणि फाटकातून घर दिसतं. भिशीला जमाल, तेव्हाच सह्या घेऊन टाका.