नांदगावच्या गवंड्याचे नाव

निजामाच्या मुलखातली रेल्वे 1900च्या सुमारास मनमाडला येऊन मिळाली. त्याआधी वेरूळची लेणी पाहायला मुंबईहून निघालेला प्रवासी नांदगावला उतरायचा आणि पुढे टांगा करायचा. मुंबईहून येणारा हा लोहमार्ग आपल्या नांदगाव तालुक्यातून 1860च्या दशकाच्या आरंभी गेला. थळ घाट 1 जानेवारी 1865 रोजी खुला झाला आणि मुंबईची गाडी थेट इकडे येऊ लागली. मार्ग आखणारे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे चरित्र कुणालाही सहज मिळते. पण वाटेतल्या मोऱ्यांच्या कमानी ज्याने घडवल्या, त्या गवंड्याचे काय?

कारागिरातून कंत्राटदार झालेला एक माणूस मात्र कागदावर टिकला. जमशेटजी दोराबजी नायगमवाला (1804–1882) मुंबईच्या गोदीत सुतारकाम करत वर आले आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची मोठी कंत्राटे त्यांनी पुरी केली. त्यांचे नाव उरले कारण करारावर ते लिहिले गेले. त्यांच्या हाताखालचे गवंडी, पाथरवट, बेलदार, वडार मुकादमामार्फत राबले. मजुरीही मुकादमाच्याच हातून मिळायची. याच रेल्वेच्या बोरघाटात तर 1861 साली एका वेळी 42 हजार माणसे कामावर होती. कंपनीच्या अहवालात ती फक्त आकड्यात मोजली गेली.

म्हणून माझे ठाम मत आहे की नांदगावच्या कारागिराचा शोध रेल्वेच्या दप्तरात घेऊ नये, गावाच्या दप्तरात घ्यावा. कोतवालाच्या वहीतली जुनी जन्ममृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना 14, त्यात जात लिहिलेली असते. पाथरवट, बेलदार, सुतार ही जातीची नावे धंदाही सांगतात. जुन्या शाळेचे दाखलपुस्तक बापाचे नाव देते. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशकात श्राद्धाला गेलेल्या घराण्याचे गाव, बाप, आजा, भाऊबंद तिथल्या उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले आहेत. एकेक नोंद तुटपुंजी, पण तीन ठिकाणी तेच नाव, तेच गाव आले की माणूस उभा राहू लागतो. मग त्याचे घर, त्याची जमीन, त्याने कुणाकडून कर्ज काढले, हे फेरफारात आणि खतांत शोधता येते.

हे काम अशक्य आहे असे आता कुणी म्हणू नये. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या, तेव्हा तहसिलीतली धूळ खात पडलेली मोडी दप्तरे बाहेर निघाली आणि वाचणारेही सापडले. त्याच पानांवर ज्यांनी पूल, वाडे, विहिरी, देवळे बांधली त्यांचीही नावे आहेत. पाने एकदा उघडलीच होती, तर या कारागिरांची वेगळी सूची करायला हवी होती. ती झाली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. अजूनही करता येईल. तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ते मनावर घ्यावे.

आणि वाचकहो, आजोबांचे टाकी-हातोडा, ओळंबा, मोडीतले खत किंवा ठेक्याची पावती घरात असेल, तर रद्दीत किंवा भंगारात जाऊ देऊ नका. कागदाचे फोटो काढा, मागे गावाचे आणि घराण्याचे नाव लिहून ठेवा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला या आठवड्यातच विचारा, आपल्या आजाने काय काय बांधले?