दहाचे नाणे

परवा गोंदियाच्या बाजारात भाजी घेतांना एका वृद्ध विक्रेतीने बाकी म्हणून दहा रुपयांचे नाणे आमच्या हातावर ठेविले. 'हे पुढे कोणी घेत नाही,' असे म्हणून आम्ही ते परत केले. तिजजवळ सुटी नोट नव्हती. तिने मुकाट्याने तेवढ्या किंमतीची वांगी आमच्या पिशवीत घातली. घरी आल्यावर आम्हांस काही केल्या चैन पडेना.

'रूप्य' हा शब्द पाणिनीने 'आहत', म्हणजे ठसा उमटविलेले, या अर्थी सिद्ध केला आहे. नाण्याचे मोल ठशाचे, आणि ठसा राज्याचा. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने ग्राह्य आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली स्पष्ट सांगितले होते. मग शिकल्यासवरल्या आम्ही अफवेवर विश्वास ठेवावा काय?

१ एप्रिल १९५७ रोजी चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आण्याचे सव्वासहा नये पैसे होत; हिशेबाची केवढी ओढाताण! तरी आमच्या वडीलधाऱ्यांनी ती नाणी स्वीकारिली. ३० जून २०११ पासून पावली चलनातून गेली. 'चार आणे' हे शब्द मात्र बोलण्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वीसाची नोट देऊन दहाची कोथिंबीर घेतली आणि बाकी म्हणून तेच नाणे मागितले. बाई हसल्या. आता ते वाण्याकडे नेणार आहोत. त्याने नाकारिल्यास पाणिनीचे राहू द्या, रिझर्व्ह बँकेचे नाव तरी घेऊच.