खरारा करणाऱ्या हातांसाठी

वर्ध्यातील टांगे मागे पडले, तरी लग्नसराईसाठी घोडी राखणारी कुटुंबे आर्वी-हिंगणघाटकडे आजही आहेत. तेथील वृद्धांचा दिवस खरारा आणि तोबऱ्यानेच उजाडतो. वयाचे कारण सांगून ही सवय मोडू नये, असे माझे मत आहे. मात्र धनुर्वाताची लस विसरू नये. त्याचे जंतू घोड्याच्या लिदीत व तबेल्याच्या मातीत दीर्घकाळ टिकून राहतात. नालेच्या खिळ्याचा ओरखडाही त्यांना पुरतो. देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम 1978 मध्ये सुरू झाला; त्यामुळे आज सत्तरीत असलेल्या अनेकांना बालपणी लस मिळालेलीच नाही. आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे पूर्ण मात्रा ठरविता येतील. पूर्वी त्या घेतल्या असल्यास दर 10 वर्षांनी वर्धक मात्रा पुरते; मळकी जखम झाली आणि मागील मात्रेस 5 वर्षे उलटली असतील, तर ती लगेच घ्यावी. जखम साबणपाण्याने धुवावी. हळद (तिच्यावरचा आपला लोभ जुना आहे) लसीची जागा घेत नाही.

घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, नाव घेत जवळ जावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला लाथ लागली किंवा आजोबा घोड्यावरून पडले, तर ते हसतबोलत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.