विकणाऱ्याचा आकडा छापता, मग घेणाऱ्याचाही छापा



'परदेशी गुंतवणूकदारांची विक्री सुरूच' हा मथळा अर्थपानावर वरचेवर दिसतो. तो वाचून आमच्या नाशिकात कॉलेज रोडच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एकच अर्थ काढला जातो: पैसा चालला, आपणही विकून मोकळे व्हा. या मथळ्याला माझा आक्षेप आहे, कारण तो अर्धाच हिशेब सांगतो.

शेअर विकला गेला म्हणजे कोणीतरी तो घेतलाच. ऑक्टोबर २०२४ पाहा. शेअर बाजाराच्या रोजच्या आकड्यांप्रमाणे परदेशी संस्थांनी त्या महिन्यात सुमारे १ लाख १४ हजार कोटींची निव्वळ विक्री केली. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा देशी संस्थांनी सुमारे १ लाख ७ हजार कोटींची निव्वळ खरेदी केली. तरीही निफ्टी सहा टक्क्यांहून अधिक घसरला, कारण घाई विकणाऱ्याला होती आणि घेणारे उतरत्या भावाची वाट पाहू शकत होते. लासलगावला नुसत्या आवकेच्या आकड्यावरून कांद्याचा भाव कोणी सांगत नाही. इथे मात्र तेवढ्यावर भाकिते होतात!

त्याच महिन्यासाठी एनएसडीएल या डिपॉझिटरीचा परदेशी विक्रीचा आकडा ९४ हजार कोटींच्या आसपास आहे. त्यात परदेशी संस्थांनी आयपीओत केलेली खरेदीही धरलेली असते आणि ह्युंदाईचा सुमारे २८ हजार कोटींचा आयपीओ तेव्हाच आला होता. दोन्ही आकडे खरे. छापलेला कोणता, हे वाचकाला कळायला नको?

मोबाइल अ‍ॅपवरच्या 'मनी फ्लो इंडेक्स'ची गत तर याहून वाईट. दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी काढायची, तिला उलाढालीतल्या शेअरसंख्येने गुणायचे. सरासरी कालच्यापेक्षा चार आणे वर असली की दिवसाची सगळी उलाढाल 'आलेला पैसा', चार आणे खाली असली की सगळी 'गेलेला पैसा'. असे चौदा दिवस जमवून त्यात 'आलेल्या पैशा'चा टक्का काढला की ८० च्या वर 'अति खरेदी', २० च्या खाली 'अति विक्री'. कोणाच्या खिशातून किती गेले, याची मोजणी यात कुठेच नाही.

हे आकडे कुचकामी आहेत, असे मी म्हणत नाही. कित्येक महिन्यांचा कल त्यातून दिसतो. पण मार्च २०२० मध्ये परदेशी संस्थांनी सुमारे ६२ हजार कोटींचे शेअर विकले, ते पाहून महिनाअखेरीस बाहेर पडलेल्यांनी जवळपास तळालाच विकले. निफ्टी २४ मार्चपासून वर वळला होता.

तेव्हा विनंती एवढीच: परदेशी आणि देशी संस्थांचे आकडे शेजारी शेजारी छापा, ते कुठले आणि तात्पुरते की पक्के ते लिहा, उलाढालीतले किती शेअर प्रत्यक्ष हाती गेले ती डिलिव्हरीची टक्केवारी द्या. जागा कमी पडत असेल, तर मथळा लहान करा.

– एक वाचक, नाशिक