वय नव्हे, बळ मोजावे

ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेची कक्षा वाढली आणि ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र खर्चाचा प्रश्न सुटला म्हणजे वृद्धाच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न सुटला, असे नव्हे.

आपल्याकडे शस्त्रक्रियेपूर्वी ‘फिटनेस’ मिळवणे म्हणजे ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्तातील साखर, क्रिएटिनिन आणि फिजिशियनची सही. या तपासण्या आवश्यकच आहेत. परंतु रुग्ण आधाराशिवाय चालतो का, वर्षभरात पडला होता का, वजन घटले का, विसरभोळेपणा वाढला का, हे त्यांतून कळत नाही. उतारवयात पुढचे बरेचसे यावरच ठरते. टाके नीट भरतात. पण रुग्णाला भ्रम होतो, तो अंथरूण धरतो आणि आपल्या पायांनी आलेला माणूस परावलंबी होऊन घरी जातो.

ही मोजणी खर्चिक नाही. खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन परत येऊन बसण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे; तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारावेत; घड्याळाचे चित्र काढावयास सांगावे. एवढ्यानेही पुष्कळ उमगते.

मग हे सर्रास का होत नाही? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, ज्या कामाला दर असतो ते काम होते. योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. रक्तक्षय व कुपोषण भरून काढण्यास आठवडे लागतात. गुडघ्याचे सांधारोपण तेवढे थांबू शकते. खुब्याचे हाड मोडल्यास मात्र थांबणे घातक. तेथे मूल्यमापन उपचारांबरोबरच चालावे.

म्हणून नियोजित शस्त्रक्रियेच्या पूर्वमंजुरीसोबत अशा मूल्यमापनाचा एकपानी तक्ता असावा आणि त्याला स्वतंत्र दर असावा. त्याच्या आधारे उपचार नाकारले जाण्याचा धोका खरा आहे. तसे करता येणार नाही, हे नियमातच लिहावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांकडे अशी संमती दूरध्वनीवरूनच मागितली जाते. तेव्हा ‘धोका किती?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘नंतर आई स्वतः न्हाणीघरापर्यंत जाऊ शकेल का?’ हेही विचारावे. आणि तिला स्वतःला काय हवे आहे, हे आधी तिलाच विचारावे.