शॉक नशिबाने लागत नाही

खांबावर चढलेला कंत्राटी कामगार शॉक लागून पडला, की दोनच वाक्ये ऐकू येतात. वस्ती म्हणते, "नशीब." ठेकेदार म्हणतो, "त्याचाच निष्काळजीपणा." मग थोडे पैसे हातावर टेकवून कोऱ्या कागदावर सही घेतली जाते. आपण त्याला मदत म्हणतो. मित्रांनो, ही मदत नाही, हक्काची चोरी आहे.

21 नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचे कलम 3 वाचा. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, की भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगाराचा साधा निष्काळजीपणा हा बचावच नाही. नशेत असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकणे, एवढेच अपवाद. मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तेही चालत नाहीत. आणि ज्याला रबरी हातमोजे कधी दिलेच नाहीत, त्याने ते काढले असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

"तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे," हीसुद्धा पळवाट. काम मुख्य मालकाच्या नेहमीच्या धंद्याचे आणि जागा त्याच्या ताब्यातली असेल, तर त्या जुन्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे भरपाई त्याच्याकडून मागता येत होती. त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार त्याच कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल होता. म्हणजे त्या कोऱ्या कागदाला घाबरायचे कारण नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. कायद्याचे नाव बदलले, मालकाची जबाबदारी संपली नाही. कामगार ईएसआयमध्ये असेल तर लाभ तिथून मिळतो. म्हणून आधी त्याची नोंद तपासा.

लहान ठेकेदार बुडेल, असे काहीजण म्हणतात. मग त्याने विमा काढावा. त्याचा नफा कामगाराच्या जळालेल्या हातातून का निघावा?

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते आणि देशाच्या वीजधोरणाची आखणीही त्याच खात्यात झाली. वीज आणि मजूर हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर होते. आज वीज घरोघरी पोहोचली. ती पोहोचवणारा मात्र कंत्राटाच्या कागदात हरवला.

म्हणून अपघाताची बातमी कळताच नुसते हळहळू नका. पोलिसांचा पंचनामा, दवाखान्याचे कागद, हजेरी आणि पगाराचा पुरावा जमवा. मालकाला लेखी नोटीस द्या. मुदत जाण्याआधी दावा दाखल करा. आणि त्या घराला सांगा : सही करू नका.

जय भीम!