बावटा कितव्या नंबरचा?

मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि पुन्हा दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे अरबी समुद्रात चक्रीवादळे उद्भवण्याचे जे दोन हंगाम, त्यांत जुईनगरच्या आमच्या वसाहतीत हवामान खात्याच्या इशाऱ्याची चर्चा जिन्यात, भाजीच्या गाडीवर आणि स्टेशनच्या वाटेवर मोठ्या हिरिरीने चालते. तो इशारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो. वादळ येणार की नाही, एवढेच आपण खात्याला विचारतो, आणि आपल्या दारात ते आले नाही की खात्याला वेड्यात काढून मोकळे होतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. मुंबईवरचे अरिष्ट टळले म्हणून इकडे ज्या दुपारी अंदाज फसल्याच्या कोट्या चालल्या होत्या, त्याच दुपारी श्रीवर्धन, मुरूड आणि दापोलीकडच्या पट्ट्यात पिढ्यांनी जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या मुळासकट उन्मळून पडत होत्या, आणि तिथल्या कित्येक गावांनी पुढचे आठवडे विजेवाचून काढले. फसले काहीच नव्हते. काही कोसांच्या फरकाने आपण वाचलो होतो, इतकेच. पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ने नेमके उलट केले. १७ मे २०२१ रोजी ते मुंबईला बाजूला ठेवून गुजरातकडे निघून गेले. तरीही जाता जाता कुलाब्याला वाऱ्याने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला आणि बॉम्बे हायजवळ ‘पी ३०५’ हा तराफा बुडाला. त्यावरील आणि ‘वरप्रदा’ या नौकेवरील मिळून ८० हून अधिक माणसे दगावली. नकाशावर वादळाचा मार्ग एका रेघेने दाखवतात; वादळ रेघेएवढे अरुंद नसते.

खात्याची रीत तशी सुबोध आहे. सुमारे ७२ तास आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांना पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष धोक्याचा, आणि किनारा ओलांडण्यापूर्वी सुमारे १२ तास आधी, वादळ जमिनीवर कुठवर शिरेल याचा अदमास. पिवळा रंग लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी तयारी करायला, लाल कृती करायला. बंदरांवरच्या बावट्यांचा शिरस्ता याहून जुना: एक आणि दोन नंबर दूरच्या समुद्रातील संकटाचे, आठ ते दहा महासंकटाचे, आणि अकरावा सर्वांत भयंकर, कारण हवामान केंद्राशी संपर्कच तुटला असा त्याचा अर्थ. निदान मला तरी या अकराव्याइतका प्रामाणिक सरकारी इशारा दुसरा ठाऊक नाही.

आमच्या मुलुखाचा प्रश्न केवळ वाऱ्याचा नाही. खाडीकाठी भराव घालून सिडकोने जी नवी मुंबई वसवली, तिचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली असल्याने पावसाचे पाणी आधी धारण तलावांत साठवावे लागते. भरती चढली की त्यांची दारे मिटतात आणि ओहोटी लागल्यावाचून ते पाणी खाडीत उतरत नाही. वादळाच्या रेट्याने समुद्रच फुगलेला असेल आणि त्यात उधाण गाठले, तर ही मुदत लांबते. म्हणून वाऱ्याच्या वेगाचा आकडा वाचताना शेजारी भरतीचे वेळापत्रक ठेवावे. वृत्तपत्रे ते छापतात, आणि आपण ते राशिभविष्याहूनही कमी गांभीर्याने पाहतो.

तजवीज फारशी नाही. गच्चीवरचे सुटे पत्रे आणि सज्जातल्या कुंड्या, ज्या वाऱ्यात अस्त्रे होतात, त्या नारिंगी इशाऱ्यालाच आत घ्याव्यात. वीज जाईल हे गृहीत धरून पिण्याचे पाणी भरून ठेवावे, कारण पंप थांबला की गच्चीवरची टाकी किती पुरेल याचा हिशेब सोसायटीच्या कोणत्याही दप्तरात सापडत नाही. दस्तऐवज आणि औषधे एका पिशवीत, मोबाईल भरलेला, मोटार झाडाखालून हलवलेली. वारा एकाएकी पडला तर बाहेर पडू नये: वादळाचा डोळा माथ्यावरून जात असेल, तर थोड्याच वेळात तोच वारा उलट दिशेने येतो, आणि पहिल्या झोतात खिळखिळे झालेले पत्रे तो दुसऱ्यात उचलून नेतो.